५० वॉटचा आवाज कशानं बंद पडतो

२०२३ च्या जूनमध्ये पुणे आकाशवाणीचा प्रादेशिक वृत्तविभाग बंद करायचा आदेश निघाला. लोकांनी आवाज उठवला आणि आदेश थांबला, फार चांगलं झालं. पण तालुक्यातलं एखादं सामुदायिक रेडिओ केंद्र, म्हणजे स्थानिक संस्थेनं आसपासच्या गावांसाठी चालवलेलं छोटं एफएम केंद्र, मुकं होतं तेव्हा कुठलाच आदेश निघत नाही. आधी लांबच्या वाडीत खरखर वाढते, मग शेजारच्या गावात, आणि सगळे म्हणतात, "रेडिओ आता ऐकतंय कोण?" माझं मत ठाम आहे: ही केंद्रं श्रोत्यांवाचून कमी आणि देखभालीवाचून जास्त मरतात.

म्हसवडची माणदेशी तरंग वाहिनी, बारामतीची शारदा कृषी वाहिनी, पुण्याची विद्यावाणी ही अशी केंद्रं. नियमानं ट्रान्समीटर ५० वॉटचा आणि अँटेना जमिनीपासून ३० मीटरपर्यंत. सपाट मुलखात साधारण १० किलोमीटर धड ऐकू येतं. एवढ्याशा ताकदीत गळती परवडतच नाही, आणि ती पहिल्यांदा होते ट्रान्समीटरपासून अँटेनापर्यंत जाणाऱ्या केबलमध्ये. स्वस्तात मिळते म्हणून बारीक आरजी-२१३ टाकली, तर ४० मीटर लांबीत जवळजवळ निम्मी शक्ती वाटेतच जिरते. अर्धा इंची फोम केबल टाकली तर साधारण पाचवा हिस्सा जातो. हा फरक स्टुडिओतल्या कुठल्याही महागड्या माइकपेक्षा मोठा आहे, पण पाहुण्यांना माइक दिसतो, केबल दिसत नाही.

दुसरी जागा म्हणजे टॉवरवरचा कनेक्टर, केबल आणि अँटेना जोडणारा सांधा. त्यात पाणी शिरलं की ते केबलमधल्या तांब्याच्या जाळीतून खाली झिरपतं, तांबं काळं-हिरवं पडतं आणि वर जाणारी शक्ती परत फिरते. किती परत फिरते ते एसडब्ल्यूआर या आकड्यावरून कळतं, १ म्हणजे काहीच नाही. मीटरवर तो १.५ असेल तर ४ टक्के परत येते, २ ला ११ टक्के, ३ ला २५ टक्के. ट्रान्समीटर स्वतःला वाचवायला ताकद उतरवतो. मग 'ट्रान्समीटर बिघडला' म्हणून तो दुरुस्तीला जातो, तिथं ठणठणीत चालतो, परत आणून जोडला की पुन्हा तेच. त्याआधी अँटेनाच्या जागी १०० वॉट सोसणारा ५० ओहमचा डमी लोड, म्हणजे सगळी शक्ती उष्णता करून जिरवणारा नकली भार, लावून बघावा. त्यावर ५० वॉट पूर्ण दिसले तर दोष वर, केबल-अँटेनात आहे, खोलीतल्या ट्रान्समीटरात नाही. कनेक्टरवर आधी स्वतःला चिकटणारी रबर टेप ताणून गुंडाळायची, त्यावर पीव्हीसी टेप खालून वर न्यायची, कौलं लावतात तशी. केबल भिंतीत शिरायच्या आधी तिला खाली झोळ द्यायचा, म्हणजे थेंब बाहेरच गळतात.

आणि आर्थिंग! आर्थिंगचा मीठ-कोळशाचा खड्डा पावसाळ्यात मोजला तर ओहमचा आकडा छान, म्हणजे कमी येतो. पण वीज पडते ती बहुतेक वळवात, एप्रिल-मेमध्ये, आणि नेमकी तेव्हाच माती सर्वांत कोरडी असते. म्हणून मोजणी मे महिन्यात करायची. ५ ओहमच्या वर गेलं की खड्ड्यात पाणी ओतून पुन्हा मोजायचं, तरी उतरलं नाही तर दुसरा खड्डा घेऊन दोन्ही जोडायचे. एवढं न केल्यामुळे एका संध्याकाळीत ट्रान्समीटर, मिक्सर आणि संगणक तिन्ही जातात.

"मग इंटरनेटवरच चालवा ना," असं म्हणणारे पुष्कळ. मुंबईला गेलेल्या माणदेशी माणसासाठी जरूर चालवा. फोनवर एफएम ऐकणं अवघड होतंय हेही खरं: त्याला इअरफोनची वायरच अँटेना म्हणून लागते, आणि ती लावायचं भोकच नव्या फोनमधून जातंय. २०२३ मध्ये सरकारनं कंपन्यांना एफएम चालू ठेवा असं सांगितलं, पण तो सल्लाच आहे. पण इंटरनेटचंही तसंच: वादळात लाइट जाते, काही तासांत मोबाइल टॉवरची बॅटरी बसते. तेव्हा दोन पेन्सिल सेलवरचा रेडिओ चालू असतो. केंद्रही तेव्हा चालू हवं. त्यासाठी ट्रान्समीटर, एक संगणक आणि मिक्सर मिळून ३०० वॉट धरा. १२ व्होल्ट १५० अँपिअर-अवरच्या दोन बॅटऱ्या निम्म्यापर्यंत उतरवल्या तरी पाच तास निभतात. अट एकच, डिस्टिल्ड वॉटर वेळेवर भरलेलं हवं आणि एसी त्या लाइनवर नको.

पैशाचं कागदावर बरं दिसतं. २०२४ च्या नियमांनी जाहिरातीची मर्यादा तासाला ७ वरून १२ मिनिटं केली आणि सरकारी जाहिरातीचा दर १० सेकंदांना ७४ रुपये झाला. म्हणजे तास पूर्ण भरला तर ५,३२८ रुपये. पण गावात किराणा दुकान आणि खताची एजन्सी सोडून जाहिरात देणार कोण? सरकारी जाहिरातींवर महिना काढायचा तर बिल निघेपर्यंत पगार थांबतो, आणि टॉवरवर चढणाऱ्या माणसाचे पैसे सर्वांत आधी कापले जातात.

माझ्या मते जवळच्या चार-पाच केंद्रांनी मिळून एक तंत्रज्ञ ठेवावा आणि एक जादा ट्रान्समीटर फिरता ठेवावा. सोबत तयार एसएमपीएस (ट्रान्समीटरला वीज पुरवणारा भाग), डमी लोड, एसडब्ल्यूआर मीटर आणि आर्थ टेस्टर. एका केंद्राला हे जड जातं, पाचांना नाही. सरकारी साहाय्यातही यंत्र घ्यायला पैसे आणि टिकवायला ठणठण गोपाळ असं चालणार नाही. दरवर्षीच्या देखभालीचा वेगळा रकाना हवा.

स्वतःच्या बातम्या देण्याची मुभा या केंद्रांना अजून नाही, आकाशवाणीच्याच बातम्या लावता येतात. ही मला अन्यायाची गोष्ट वाटते. पण पाणी कधी सुटणार, लाइट कधी येणार, परीक्षा कधी, वादळाचा इशारा काय, हे सांगता येतं, आणि तेही आपल्या बोलीत.

तुमच्या भागात असं केंद्र असेल तर एकदा जाऊन विचारा: एसडब्ल्यूआर शेवटचा कधी लिहून ठेवला? आर्थिंग कोणत्या महिन्यात मोजलं? वहीत उत्तर नसेल तर मृगाआधी एक दिवस काढून त्यांच्यासोबत टॉवरखाली उभे राहा.