‘पिंक मून’चं पाणी आणि पाच हजार वर्षांची थाप

चैत्र पौर्णिमेच्या दुसऱ्या दिवशी सकाळी भाचीकडे गेले, तर गॅलरीत कठड्याजवळ काचेची बरणी ठेवलेली. लोणच्याची असते तेवढी. तळाशी दोन दगड. एक गडद हिरवा, फिकट पट्ट्यांचा. दुसरा पांढरट, बोटाएवढा. वर लिंबाच्या चार चकत्या तरंगत होत्या. माझ्यासमोर तिने त्यातलं पेलाभर पाणी ओतून घेतलं आणि त्याच पाण्याबरोबर थायरॉईडची गोळी गिळली.

“मून वॉटर आहे मावशी. पिंक मूनचं. विक्का धर्मात हजारो वर्षं करतात.”

मी तीस वर्षं ज्युनिअर कॉलेजात रसायनशास्त्र शिकवलं आहे. ती बरणी बघून माझ्या पोटात गोळा आला. तिने मोबाइल पुढे केला. योगाच्या ग्रुपवर आलेला फॉरवर्ड, तिने तो आणखी तिघींना पाठवलेलाही होता. त्यातले दावे थोडक्यात असे: विक्का (चेटूक आणि निसर्गपूजा मानणारा पंथ) हा युरोपातला पाच हजार वर्षं जुना धर्म आणि ‘विक्का’ हा शब्द आपल्या ‘वेदा’वरूनच आलेला. त्याच्या प्राचीन ग्रंथांत वर्षातल्या पौर्णिमांना वुल्फ मून, स्नो मून, वर्म मून, पिंक मून अशी नावं दिली आहेत. प्रत्येकीचा अर्थ आणि शक्ती ठरलेली. एप्रिलचा चंद्र गुलाबी दिसतो. ‘ब्लू मून’ला मागितलेलं मिळतंच. आणि शेवटी, मॅलाकाइट व सेलेनाइट हे दगड पौर्णिमेच्या रात्री पाण्यात ठेवा, ‘शुद्धीसाठी’ लिंबू टाका, ते पाणी महिनाभर प्या, की थायरॉईड, पीसीओडी, चिंता सगळं जाईल.

शेवटचा दावा आधी घेते, कारण बाकीच्यांनी फक्त गैरसमज होतो, याने माणूस आजारी पडतं.

मॅलाकाइट म्हणजे तांब्याचं कार्बोनेट. वजनाने निम्म्याहून जास्त तांबंच. साध्या पाण्यात तो फारसा विरघळत नाही, हे मी मान्य करते. पण लिंबाच्या आम्लात विरघळतो. भाचीला पटेना म्हणून दगड बाहेर काढला, कोरडा केला आणि त्यावर लिंबाचे दोन थेंब पिळले. थोड्या वेळाने थेंबात बारीक बुडबुडे दिसायला लागले, तो कार्बन डायऑक्साइड. दहा मिनिटांनी पांढऱ्या कापसाने पुसलं तर कापूस हिरवट झाला आणि दगडावर तेवढ्या जागेची चकाकी गेली. गेलेलं तांबं कुठे गेलं असेल? कापसाला लागलं तसंच ते बरणीतल्या पाण्यातही उतरतं.

पिण्याच्या पाण्यात तांबं लिटरमागे दोन मिलिग्रॅमपेक्षा जास्त नसावं, अशी जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा आहे. जेमतेम तिळाच्या दाण्याच्या वजनाचा मॅलाकाइट लिटरभर पाण्यात उतरला, की ही मर्यादा गाठली जाते. त्यापुढे मळमळ, उलट्या, पोटात कळा. आमच्या घरात हे कुणाला नवीन असायला नको होतं. आई बिनकल्हईच्या पितळी भांड्यात ताक ठेवू द्यायची नाही, चिंचेचं सारही नाही. ‘कळकेल’ म्हणायची. ताक कळकतं म्हणजे नेमकं हेच होतं: आम्लाने भांड्यातलं तांबं अन्नात उतरतं. ज्या घरात ‘कळकणं’ हा शब्द रोज वापरात होता, त्याच घरातली मुलगी हिरवा दगड लिंबूपाण्यात घालून पिते, हे बघून मला खरंच वाईट वाटलं. ‘तांब्याच्या भांड्यातलं पाणी आपण पितोच की,’ असं ती म्हणाली. पितो. पाणी पितो. त्यात लिंबू पिळून रात्रभर ठेवत नाही.

पांढऱ्या दगडाची गोष्ट निराळी. सेलेनाइट म्हणजे जिप्सम, कॅल्शियम सल्फेट. नखाने ओरखडा उठतो इतका मऊ. पाण्यात हळूहळू विरघळतो, लिटरला दोन ग्रॅमच्या आसपास. भाची म्हणाली, “बघ ना, आणला तेव्हा कसा गुळगुळीत होता, आता खरखरीत झालाय. निगेटिव्ह एनर्जी शोषतो तो.” अगं, तो काही शोषत नाहीये, पाण्यात झिजतोय. जिप्सम तसा विषारी नाही. पण थायरॉईडच्या गोळीला कॅल्शियम चालत नाही. कॅल्शियममुळे ती आतड्यात नीट शोषली जात नाही, म्हणून दोन्हींत चार तासांचं अंतर ठेवायला डॉक्टर सांगतात. थायरॉईड बरा व्हावा म्हणून ती जे पाणी पीत होती, ते गोळीचंच काम अडवणारं होतं. आणि फॉरवर्डमध्ये पुढे लिहिलं होतं, ‘फरक जाणवल्यावर गोळी अर्धी करावी’. हे वाक्य ज्याने कुणी लिहिलं, त्याला मी माफ करू शकत नाही.

विक्कावाल्यांवर मात्र याचा दोष टाकणार नाही. पौर्णिमेच्या चांदण्यात पाणी ठेवण्याची रीत त्यांच्यातल्या अनेकांत आहे. पण दगडांची माहिती असलेले लोक मॅलाकाइट पाण्यात टाकू नका, पेल्याबाहेर ठेवा, असं स्वतःच सांगतात. फॉरवर्डने नेमका तेवढाच भाग गाळला.

आता पाच हजार वर्षांबद्दल. विक्का आजच्या रूपात मांडला तो जेराल्ड गार्डनर या इंग्रज गृहस्थाने. मलायात (आजच्या मलेशियात) कस्टम्स खात्यात नोकरी करून तो १९३६ साली निवृत्त झाला आणि इंग्लंडला परतला. १९३९ मध्ये दक्षिण इंग्लंडातल्या न्यू फॉरेस्टमधल्या चेटूक मानणाऱ्या एका मंडळीत आपल्याला दीक्षा मिळाली, असं त्याचं म्हणणं. चेटूकविरोधी जुना कायदा इंग्लंडात १९५१ साली रद्द झाला आणि १९५४ मध्ये गार्डनरचं या धर्मावरचं पुस्तक आलं. पौर्णिमेच्या मेळ्याला विक्कात ‘एस्बाट’ म्हणतात. हा शब्दही प्रचारात आला तो मार्गारेट मरे या विदुषीच्या १९२१ च्या पुस्तकातून. ‘महिन्यातून एकदा, शक्यतो चंद्र पूर्ण असताना जमा’ हे त्यांचं प्रसिद्ध वचन गार्डनरची शिष्या डोरीन व्हॅलिएंटेने १९५० च्या दशकात घडवलं, तेही चार्ल्स लीलँड या अमेरिकी लेखकाच्या १८९९ च्या पुस्तकातल्या मजकुरावरून. ब्रिस्टल विद्यापीठाचे इतिहासकार रोनाल्ड हटन यांनी हे सगळं १९९९ मध्ये सविस्तर मांडलं आणि विक्का मानणाऱ्या पुष्कळांनी ते स्वीकारलंही. धर्म नवा आहे म्हणून त्यांची श्रद्धा खोटी ठरत नाही.

शब्द मात्र जुना आहे, एवढं कबूल करावं लागेल. जुन्या इंग्रजीत ‘wicca’ म्हणजे जादूटोणा करणारा पुरुष, असा शब्द होताच. पण त्याचा उच्चार ‘विच्चा’ असा, म्हणजे आजचा ‘विच’. वेदाशी त्याचा संबंध जोडायचा तर आधी उच्चार बदलावा लागतो.

मग जुन्या इंग्लंडात महिन्यांना आणि पौर्णिमांना काय म्हणायचे? याचा भक्कम पुरावा आहे आणि तो कुणीही वाचू शकतो. बीड नावाचा इंग्रज साधू. त्याने ७२५ साली कालगणनेवर लॅटिन ग्रंथ लिहिला आणि त्याच्या पंधराव्या प्रकरणात ख्रिस्ती होण्याआधीच्या आपल्या पूर्वजांचे महिने एकेक करून नोंदवले. मोना म्हणजे चंद्र, म्हणून मोनाथ म्हणजे महिना, अशी त्याची सुरुवात. मे महिना ‘थ्रिमिल्ची’, कारण तेव्हा गाई दिवसातून तीनदा पिळायच्या. ऑगस्ट ‘वेओदमोनाथ’, तणाचा महिना. ऑक्टोबर ‘विंटरफिलेथ’, कारण त्या महिन्याच्या पौर्णिमेपासून हिवाळा धरायचे. नोव्हेंबर ‘ब्लोतमोनाथ’, कारण कापायची जनावरं तेव्हा देवांना वाहायचे. आणि मला सर्वात आवडलेली गोष्ट: चंद्राचं वर्ष मागे पडलं की ते उन्हाळ्यात एक जादा महिना घालत. मग ‘लिथा’ नावाचे दोनऐवजी तीन महिने व्हायचे आणि त्या वर्षाला ‘थ्रिलिथी’ म्हणत. आपला अधिक मास!

बीडच्या यादीत वुल्फ मून नाही. स्नो, वर्म, पिंक, काहीच नाही. सॅक्सन लोक (इंग्रजांचे पूर्वज) जानेवारीला ‘लांडग्याचा महिना’ म्हणत, असं व्हर्स्टेगन नावाच्या लेखकाने १६०५ मध्ये लिहिलं खरं, पण ते बीडनंतर जवळजवळ नऊशे वर्षांनी. तोवर इंग्लंडातून लांडगेही संपले होते.

ही नावं केल्टिक, म्हणजे पश्चिम युरोपातल्या प्राचीन केल्ट लोकांची, म्हणावीत तर त्यांचीही नावं आपल्या हातात आहेत. फ्रान्समधल्या कोलिन्यी गावी १८९७ साली काशाच्या पत्र्यावर कोरलेलं गॉल लोकांचं (तिथल्या केल्टांचं) पंचांग तुकड्यांत सापडलं, इसवी सनाच्या दुसऱ्या शतकातलं. सामोनिओस, दुमान्निओस, रिव्रोस, गियामोनिओस अशी त्यातली महिन्यांची नावं. पाच वर्षांत बासष्ट महिने, त्यातले दोन अधिक. आपल्या वेदांग ज्योतिषातलं युगही पाच वर्षांचं आणि बासष्ट चांद्रमासांचं. यावरून कुणी नवा फॉरवर्ड काढू नये. चंद्र आणि सूर्याचा मेळ घालायला बसलं की हिशेब साधारण इथेच येतो.

फॉरवर्डमधली नावं आली कुठून? बहुतेक उत्तर अमेरिकेतून. जोनाथन कार्व्हर हा प्रवासी १७६० च्या दशकात तिथल्या ग्रेट लेक्स या मोठ्या सरोवरांच्या पश्चिमेकडे आदिवासींच्या मुलखात फिरला. त्याच्या १७७८ च्या प्रवासवर्णनात महिन्यांची यादी आहे: मार्च किड्यांचा, कारण झाडांच्या सालीत दडलेले किडे तेव्हा बाहेर पडतात, जुलै हरणाचा, ऑगस्ट स्टर्जन माशाचा, नोव्हेंबर बीव्हर या प्राण्याचा, फेब्रुवारी बर्फाचा. १९३० च्या दशकात अमेरिकेच्या मेन राज्यातल्या शेतकरी पंचांगाने अशी नावं ‘इंडियन’ म्हणून छापायला घेतली आणि तिथून ती सगळीकडे गेली. विक्का अमेरिकेत रुजला १९६० च्या दशकात, तेव्हा ही यादी तिथे तयारच होती. ग्रेट लेक्सकडचे ओजिब्वे आदिवासी जूनला आजही ‘ओदेइमिनी-गीझिस’, स्ट्रॉबेरीचा चंद्र, म्हणतात, कारण त्यांच्या रानात तेव्हा स्ट्रॉबेरी पिकते. ज्यांची भाषा, ज्यांचं रान, त्यांचं नाव पुसून ‘प्राचीन युरोप’ लिहिणं मला चोरीसारखंच वाटतं.

‘ठरलेला अर्थ’ म्हणाल तर विक्कातच एक यादी नाही. दुसरी एक प्रचलित यादी वुल्फ, स्टॉर्म, चेस्ट, सीड, हेअर, डायड, मीड, वर्ट, बार्ली, ब्लड, स्नो, ओक अशी जाते. तिच्यात स्नो मून नोव्हेंबरला येतो, पंचांगाच्या यादीत फेब्रुवारीला. ऑस्ट्रेलियातले अनेक विक्कावाले तर सगळे सणच सहा महिने पुढे सरकवतात, कारण त्यांच्याकडे जानेवारीत भर उन्हाळा असतो. त्यांनी ते बरोबरच केलं. ही नावं ऋतूची आहेत आणि ऋतू जागेप्रमाणे बदलतो. आपल्याकडेही नारळी पौर्णिमेचा अर्थ समुद्राकाठी कळतो.

एक अर्धसत्य मात्र मान्य. हार्वेस्ट मून आणि हंटर्स मून ही नावं खरोखर इंग्लंडातली, अठराव्या शतकाच्या सुरुवातीपासून नोंदलेली. त्यांना आकाशातला आधारही आहे. चंद्र रोज सरासरी पन्नास मिनिटं उशिरा उगवतो, पण सप्टेंबरच्या विषुवदिनाजवळच्या पौर्णिमेला तिकडच्या अक्षांशावर हा उशीर दहा-वीस मिनिटांवर येतो. सूर्य मावळला की लगेच चंद्र, असं ओळीने काही दिवस चालतं आणि कापणी अंधारात अडत नाही. आपल्या कोकणातली नवान्न पौर्णिमा त्याच सुमाराची.

गुलाबी चंद्र: नाव मॉस फ्लॉक्स या पूर्व अमेरिकेतल्या रानफुलावरून पडलं. त्या रात्री भाचीची सहा वर्षांची लेक गच्चीत उभी राहून “गुलाबी कधी होणार?” विचारत होती. उगवताना चंद्र तांबूस होता, तो दर पौर्णिमेला असतोच. पुढे पांढरा झाल्यावर ती रडत खाली आली.

ब्लू मून: एका इंग्रजी महिन्यातली दुसरी पौर्णिमा, ही व्याख्या १९४६ साली एका अमेरिकी खगोल मासिकातल्या लेखातल्या चुकीतून आली. त्याच मासिकाने १९९९ मध्ये ती चूक मान्य केली. मेनच्या त्या मूळ शेतकरी पंचांगात एका ऋतूत चार पौर्णिमा आल्या तर त्यातली तिसरी ब्लू मून.

बरणीतलं पाणी भाचीने माझ्यासमोर ओतून टाकलं, झाडांनाही घातलं नाही. हिरवा दगड तिने टेबलावर कागद दाबायला ठेवलाय, तिथे तो छान दिसतो. गोळी आता सकाळी उपाशीपोटी साध्या पाण्याबरोबर. डॉक्टरांशी बोलणं झालं, सहा आठवड्यांनी टीएसएच ही थायरॉईडची रक्ततपासणी पुन्हा करायची आहे. ज्या तिघींना तिने फॉरवर्ड पाठवला, त्यांच्यातली एक अजून ते पाणी पितेय. तिला मळमळ होत असेल तर डॉक्टरांकडे जाताना दोन्ही दगड बरोबर ने, असं आज रात्री फोन करून सांगणार आहे.