‘एकदा सलाइन दिलं की कुठलाही ब्लड कॅन्सर बरा’ हे टी-एएलएलला का लागू नाही

पुण्यातल्या सोसायट्यांच्या आणि नातेवाइकांच्या ग्रुपवर एक मेसेज फिरतो आहे: ‘कार-टी ही भारतीय थेरपी आली. कुठलाही ब्लड कॅन्सर असो, रुग्णाच्याच पेशी काढून, बदलून एकदा सलाइनमधून दिल्या की बरा. केमो नको, ट्रान्सप्लांट नको.’ टी-पेशींचा, म्हणजे संसर्गाशी लढणाऱ्या एका प्रकारच्या पांढऱ्या पेशींचा, ल्युकेमिया (टी-एएलएल) झालेल्या मुलाच्या घरी हे वाचून कुणी उपचार थांबवले, तर जिवावर बेतेल.

‘कुठलाही ब्लड कॅन्सर’ हे पहिलंच चूक. कार-टीमध्ये टी-पेशी अशा बदलतात, की त्या कॅन्सरच्या पेशीवरचं एक ठरावीक प्रथिन ओळखून तिला मारतात. आयआयटी मुंबई आणि टाटा मेमोरियलच्या कामातून आलेल्या नेक्सकार१९ या कार-टी थेरपीला ऑक्टोबर २०२३ मध्ये मान्यता मिळाली, ती बी-पेशींच्या (अँटीबॉडी बनवणाऱ्या पांढऱ्या पेशींच्या) कॅन्सरसाठी. नावातला १९ म्हणजे बी-पेशींवरचं सीडी१९ हे प्रथिन. टी-एएलएलच्या पेशींवर ते साधारणपणे नसतं, त्यामुळे या थेरपीला तिथे लक्ष्यच सापडत नाही. टाटाच्या परळ किंवा खारघर केंद्राची गाडी पकडण्याआधी फाइलमधला फ्लो सायटोमेट्रीचा (पेशींवरची प्रथिनं तपासणाऱ्या चाचणीचा) कागद काढा. सीडी३ आणि सीडी७ ही टी-पेशींची प्रथिनं पॉझिटिव्ह, सीडी१९ निगेटिव्ह असं असेल, तर आजार बहुधा टी-पेशींचा आहे. डॉक्टरांकडून तेवढं पक्कं करून घ्या.

‘रुग्णाच्याच पेशी’ इथे खरी अडचण आहे. टी-एएलएलमध्ये लक्ष्य बहुधा सीडी७ असतं, आणि ते औषध म्हणून बनवायच्या निरोगी टी-पेशींवरही असतं. म्हणजे पिशवी तयार होण्याआधीच त्या एकमेकींना मारतात. शिवाय रुग्णाच्या रक्तातून टी-पेशी वेगळ्या काढताना कॅन्सरच्या पेशीही सोबत येऊ शकतात. म्हणून निरोगी दात्याच्या पेशी घेण्याचा मार्ग पुढे आला. पण दात्याच्या पेशी रुग्णाच्या त्वचेवर, आतड्यावर, यकृतावर हल्ला करू शकतात. लंडनच्या ग्रेट ऑर्मंड स्ट्रीट रुग्णालयात २०२२ मध्ये हे सगळं एकत्र सोडवायचा प्रयत्न झाला. दात्याच्या पेशींमधली तीन प्रथिनं बंद केली: सीडी७, म्हणजे आपसांत मारामारी नाही, टी-पेशीचा स्वतःचा रिसेप्टर, म्हणजे रुग्णावर हल्ला नाही, आणि सीडी५२, म्हणजे रुग्णाच्या प्रतिकारपेशी कमी करायला आधी दिलेल्या अॅलेम्टुझुमॅब या औषधाने याच पेशी मरत नाहीत. डीएनएच्या दोन्ही पट्ट्या तीन ठिकाणी कापल्या असत्या, तर तुटलेली टोकं भलतीकडे जुळण्याचा धोका होता. म्हणून बेस एडिटिंग वापरून एकेक अक्षर बदललं. इतकी बारीक कारागिरी ‘पेशी काढून, बदलून’ या तीन शब्दांत मावत नाही.

‘ट्रान्सप्लांट (दात्याच्या अस्थिमज्जेचं रोपण) नको’ हे तर अगदी उलटं. सीडी७वर नेम धरलेल्या पेशी कॅन्सरबरोबर रुग्णाच्या बहुतेक निरोगी टी-पेशीही संपवतात. बी-पेशी गेल्या तर इम्युनोग्लोब्युलिनच्या (तयार अँटीबॉडींच्या) बाटल्यांनी काही अंशी भागतं. टी-पेशींना तसा पर्याय नाही. सीएमव्ही, अॅडिनोव्हायरस हे विषाणू आणि बुरशी यांना रान मोकळं मिळतं. म्हणून लंडनच्या पद्धतीत साधारण चार आठवड्यांनी मॅरो (अस्थिमज्जा) तपासतात आणि कॅन्सर दिसला नाही, तर प्रतिकारशक्ती पुन्हा उभी राहावी म्हणून ट्रान्सप्लांट करतात. त्यानंतरही काहींचा आजार सीडी७ गमावून परततो.

‘केमो नको’? पेशी देण्याआधी फ्लुडाराबिन आणि सायक्लोफॉस्फामाइड ही केमोचीच औषधं द्यावी लागतात, नाहीतर नव्या पेशी रुजत नाहीत. नंतरचे दिवसही सोपे नसतात. ताप चढतो, रक्तदाब घसरतो, ही तीव्र प्रतिक्रिया आवरणारं टोसिलिझुमॅब हे औषध हाताशी लागतं. मेंदूवर परिणाम होतोय का हे पाहायला नर्स रुग्णाला रोज एक वाक्य लिहायला आणि शंभरपासून दहा-दहाने उलट मोजायला सांगते. अक्षर वाकडं झालं की लगेच डॉक्टरांना बोलावतात.

नव्याने निदान झालेल्या टी-एएलएलच्या मुलांपैकी बहुतांश मुलं चांगल्या केंद्रात नुसत्या केमोने बरी होतात. काही देशांत हे प्रमाण ८० टक्क्यांहून जास्त आहे. उपचार दोन वर्षांहून अधिक चालतात, कंटाळा येतो, पण मधला टप्पा चुकवणं हीच आजार परतायची वाट. कार-टीचा विचार करायचा तो आजार परतल्यावर किंवा केमोला दाद देत नसेल तेव्हा. तेव्हा डॉक्टरांना थेट विचारा: सीडी७ किंवा सीडी५ (टी-पेशींवरचं आणखी एक प्रथिन) यांवरच्या कार-टीची क्लिनिकल ट्रायल कुठे सुरू आहे? ट्रान्सप्लांटसाठी दाता जुळतोय का? कुणी अशी ट्रायल सुचवली, तर पैशांचं बोलण्याआधी सीटीआरआयचा (भारतातल्या क्लिनिकल ट्रायलच्या सरकारी नोंदवहीचा) नोंदणी क्रमांक आणि एथिक्स कमिटीच्या मंजुरीची प्रत मागून घ्या.