माकडं हाकलून डेंगी जाणार नाही

साताऱ्यातल्या ग्रुपांवर आठवडाभर एक मेसेज फिरतोय: 'झिका, डेंगी, माकडताप हे माकडांचेच रोग. झिका तर सापडलाच माकडात. सज्जनगड, यवतेश्वर भागातली माकडं हटवा, रोग आपोआप थांबतील.' वाचून अंगावर काटा आला. २०१६-१७ च्या पीतज्वराच्या (यलो फीवर, हाही डासांतून पसरणारा विषाणूचा ताप) साथीत ब्राझीलमध्ये असल्याच समजुतीपायी लोकांनी माकडं ठार मारली होती.

'झिका माकडात सापडला.' सापडला, पण कसा? १९४७ साली युगांडातल्या झिका जंगलात संशोधकांनी पिंजऱ्यातलं एक रीसस माकड उंच मचाणावर ठेवलं होतं, तिथं कोणते विषाणू फिरतात ते कळावं म्हणून. रीसस हे आशियातलं माकड, त्या जंगलातलं नव्हेच. त्याला ताप आला, रक्तात नवा विषाणू मिळाला. पुढच्याच वर्षी तो तिथल्या एडिस जातीच्या डासांत सापडला. म्हणजे विषाणू त्या माकडानं आणला नव्हता, त्यालाच तो तिथं लागला.

'माकडं गेली की विषाणू मरेल.' खरी गोम इथं आहे. पीतज्वराचंच घ्या. तो झालेल्या माकडाच्या रक्तात विषाणू जेमतेम काही दिवस असतो. मग ते मरतं, नाहीतर बरं होतं आणि त्याला तो रोग पुन्हा होत नाही. डास मात्र एकदा बाधित झाला की मरेपर्यंत बाधितच, आणि काही वेळा त्याच्या अंड्यांतूनही विषाणू पुढच्या पिढीत उतरतो. ब्राझीलच्या जंगलात हे डास झाडांच्या ढोलीत साचलेल्या पाण्यात वाढतात. साथ आली की तिथली हाउलर माकडं आधी पटापट मरतात आणि त्यावरून आरोग्य खातं सावध होतं. तीच मारून टाकली, तर इशारा देणार कोण?

माकडताप हे नावच फसवं आहे. तो डासाचा नाही, गोचिडीचा. सिंधुदुर्गात २०१६ ला आला तोही तसाच. माकड मेलं की त्याच्या अंगावरच्या गोचिडी तिथंच खाली उतरतात, म्हणजे माकडं मारून रोग थांबत नाही.

राहिला डेंगी. आपल्या गल्लीत तो माणसाकडून डासाला आणि डासाकडून माणसाला जातो, मध्ये माकड लागतच नाही. परवा गच्चीवरच्या बॅरलचं झाकण उचललं तर अळ्या वळवळत होत्या आणि पाण्याच्या रेषेलगत प्लास्टिकला मोहरीहून बारीक काळी अंडी चिकटली होती. पाणी ओतून दिलं तरी ती जात नाहीत. कोरडी पडली तरी कित्येक महिने टिकतात आणि पाणी भरलं की फुटतात. म्हणून कोरडा दिवस (पाण्याची भांडी रिकामी करून कोरडी ठेवण्याचा दिवस) पाळताना बॅरल नुसता पालथा घालू नका, आतली कड काथ्यानं खसखसून घासा.