पाच डॉलरचा आतबट्टा?

फुगाझी या अमेरिकन पंक रॉक बँडबद्दल एक मजकूर वर्षानुवर्षं फिरतोय. शब्द बदलतात, गाभा तोच. वॉशिंग्टनची ही चौकडी गुणी होती, पण तत्त्वांच्या हट्टापायी बुडाली. तिकीट पाच डॉलर, टी-शर्ट विकायचे नाहीत, मोठ्या कंपन्यांना नकार, म्हणून मूठभरांपर्यंतच पोचली. स्टेजवरून उपदेश करत राहिली आणि शेवटी फुटली. वर एक शेपूट: इमो (पंकची भावनांनी भारलेली शाखा) म्हणजे रडक्या पोरांचं संगीत, त्याचा समाजाशी काय संबंध!

आधी शेपूटच धरतो. ज्या बँडला पहिला इमो बँड म्हणतात तो राइट्स ऑफ स्प्रिंग. त्याचा गायक गी पिचोटो आणि ड्रमर ब्रेंडन कँटी हे दोघं पुढे फुगाझीत आले. (इमो हा शब्द या मंडळींना कधीच आवडला नाही, ते सोडा.) त्यांचा अल्बम आला १९८५ साली. त्याच उन्हाळ्यात वॉशिंग्टनच्या याच पंक पोरापोरींनी दक्षिण आफ्रिकेच्या दूतावासासमोर बादल्या आणि ढोल बडवून वर्णभेदाचा निषेध केला. त्या मोसमाला त्यांनी नावच दिलं होतं ‘रेव्होल्यूशन समर’. गळा फाडून स्वतःचं दुःख गायचं आणि दुपारी दूतावासापुढे उभं राहायचं, यात त्यांना विसंगती वाटली नाही. मलाही वाटत नाही.

आता पैशाचं. पाच डॉलर म्हटलं की लोकांना त्याग दिसतो. मला त्यात हिशोब दिसतो. समजा हॉलमध्ये हजार माणसं आली, म्हणजे पाच हजार डॉलर. त्यातून हॉलचं भाडं, ध्वनियंत्रणा, गाडीचं पेट्रोल. मॅनेजर नाही, तेव्हा त्याचा वाटा नाही. दौऱ्याच्या तारखा बँडचा गायक-गिटारवादक इयन मकाय स्वतः फोनवर बसून ठरवायचा. दिवे साधे पांढरे, त्यामुळे रोषणाईचा ताफा नाही. रेकॉर्ड कंपनी डिस्कॉर्ड, म्हणजे मकायने १९८० साली मित्रांबरोबर काढलेली घरचीच. खर्चच इतका कमी ठेवला की कुणापुढे हात पसरायची वेळ आली नाही. याला आतबट्ट्याचा व्यवहार कसं म्हणायचं? हा तर किराणा दुकानदाराचा चोख हिशोब झाला.

स्वस्त तिकिटाइतकीच दुसरी अट पक्की होती: दार सगळ्या वयांना उघडं. अमेरिकेत दारूसाठी वय एकवीस, आणि बरेच क्लब बारच्या गल्ल्यावर चालतात, त्यामुळे सोळा वर्षांचं पोरगं दारातच अडतं. म्हणून हे लोक चर्चचे हॉल, सामाजिक सभागृहं, व्यायामशाळा शोधत फिरले.

आणि मूठभर? ३ सप्टेंबर १९८७ ते ४ नोव्हेंबर २००२ या पंधरा वर्षांत हजाराच्या वर कार्यक्रम, अमेरिकेच्या पन्नासही राज्यांत, शिवाय युरोप, जपान, ऑस्ट्रेलिया, दक्षिण अमेरिका. १९९३चा अल्बम तर बिलबोर्ड या अमेरिकेतल्या खपाच्या यादीत पहिल्या दोनशेत शिरला. बाजूच्या अफवांतली माझी लाडकी अशी की हे चौघं हीटर नसलेल्या घरात नुसता भात खाऊन राहतात. भात खातात म्हणून कोकणात तरी कुणी कुणाची कीव करणार नाही.

उपदेशाच्या आरोपात मात्र थोडं तथ्य आहे. समोरच्या गर्दीत कुणी धक्काबुक्की करू लागला की हे लोक गाणं मधेच थांबवत आणि त्या माणसाकडे बोट दाखवत. ऐकलं नाही तर त्याला बाहेर काढत, पण हातात तिकिटाच्या पाच डॉलरचं पाकीट देऊन. अशी पाकिटं तयारच ठेवलेली असत. जेम कोहेनच्या १९९९च्या माहितीपटात पिचोटो एका दांडगटाला भर गर्दीत सुनावतो: तुला मघाशी मी लहान मुलासारखा आइस्क्रीमचा कोन खाताना पाहिलंय, आता कसला मर्दपणा दाखवतोस! दांडगटाची हवाच गेली असणार. काहींना ही पंतोजीगिरी वाटे, आणि काही ध्वनिमुद्रणं ऐकताना मलाही वाटते. पण हा खटाटोप कुणासाठी होता ते पाहा. पुढच्या रांगेतल्या किडकिडीत पोरांना आणि मुलींना तिथे उभं राहता यावं म्हणून. पहिल्याच ईपीत (मोजक्या गाण्यांच्या छोट्या रेकॉर्डमध्ये), १९८८ साली, त्यांनी रस्त्यावर छेड काढली जाणाऱ्या बाईच्या तोंडून गाणं लिहिलं. पुरुषाने ते का गावं, असा आक्षेप आला, आणि तो रास्तच होता. काही कार्यक्रमांत वॉशिंग्टनच्याच पंक गायिका एमी पिकरिंगने येऊन ते गायलं.

उपदेश करून घरी जाणारेही ते नव्हते. डिसेंबर १९९० मध्ये वॉशिंग्टनजवळच्या लॉर्टनच्या तुरुंगात कैद्यांपुढे वाजवलं. १२ जानेवारी १९९१ला, आखाती युद्धाच्या तोंडावर, व्हाइट हाउससमोरच्या लाफायेट पार्कमध्ये. वॉशिंग्टनमधले बहुतेक कार्यक्रम कुठल्या ना कुठल्या कामाच्या मदतीसाठी असत.

राहिलं ‘फुटले’. भांडण झालं नाही. पोरंबाळं झाली, आईवडील म्हातारे झाले, सहा-सहा महिने गाडीत काढणं जमेना. लंडनच्या कार्यक्रमानंतर ते थांबले, आणि आपण बँड मोडला असं त्यांनी कधी म्हटलं नाही. बेसवादक जो लॅली पुढे कोरिकी या बँडमध्ये मकायबरोबर वाजवू लागला आणि द मेस्थेटिक्स या बँडमध्ये कँटीबरोबर. वाटणीवरून फाटलेल्या घरात असं घडत नाही.

डिसेंबर २०११ पासून त्यांनी जुन्या कार्यक्रमांची आठशेहून अधिक ध्वनिमुद्रणं एकेक करून खुली केली. चुकलेले सूर, तुटलेल्या तारा, गर्दीशी झालेले वाद, सगळं तसंच ठेवलंय. एक डॉलर द्या नाहीतर शंभर, मर्जी तुमची. सुचवलेली किंमत पाच डॉलर.