प्रतिक्रियेची चौकट बसवताना घ्यायची काळजी

ब्लॉग सुरू केलात, उत्तम केलंत. नाव ठरलं, वर घाटातल्या धुक्याचा फोटो लागला, 'माझ्याविषयी'मध्ये 'मी एक मुक्त पक्षी' हेही लिहून झालं. आता राहिली लेखाखालची चौकट, जिथं वाचकानं आपलं मत लिहायचं. ती कुठली बसवावी यावर मी तुम्हाला फुकट सल्ला देणार आहे. या विषयातलं माझं शिक्षण गेल्या पाच आठवड्यांत पूर्ण झालं. त्याची फी मी भरलेली आहे, तुम्ही परत भरू नका.

एक गोष्ट आधी मनाशी पक्की करा. चौकट असायला हवी, पण तिच्यात कुणी लिहिता कामा नये. चौकटच नसली तर लोक म्हणतील, माणूस घमेंडखोर आहे. असली आणि कुणी खरंच लिहिलं, तर वाचावं लागेल, वर उत्तरही द्यावं लागेल. तेव्हा लेखाच्या शेवटी 'कुणाला काही आठवत असेल तर जरूर लिहा, वाट पाहतोय' असं अगत्यानं लिहायचं आणि खाली अशी यंत्रणा लावायची की आलेला माणूस उंबऱ्यावरच दमावा. सुदैवानं अशा यंत्रणा तयार मिळतात.

सर्वांत गुणकारी म्हणजे सक्तीचं लॉगिन. पण ते केव्हा मागायचं यात खरी कला आहे. नवखे लोक आधीच पाटी लावतात, 'लिहिण्यासाठी प्रवेश करा'. वाचक पाटी बघतो, कंटाळतो, निघून जातो. त्याचं काहीच नुकसान होत नाही, मग काय उपयोग? तुम्ही चौकट उघडी ठेवा. त्याला लिहू द्या, मनसोक्त लिहू द्या. त्यानं 'पाठवा' दाबलं की मग विचारा, 'आपण कोण?'

माझंच उदाहरण देतो. लेख दुसऱ्याच्या ब्लॉगवरचा होता, बार्शी लाइट रेल्वे या आमच्याकडच्या जुन्या छोट्या गाडीवर. फोटो सुरेख, भाषा ओघवती, आणि शेवटी तेच वाक्य, 'कुणाला काही आठवत असेल तर जरूर लिहा'. मला आठवत होतं. माझा मामा कुर्डुवाडीच्या नॅरोगेज वर्कशॉपमध्ये फिटर होता आणि माझ्या उन्हाळ्याच्या सुट्ट्या त्या गाडीच्या धुरात गेल्या. लेखकमहाशयांनी लिहिलं होतं की ही 'मीटरगेज' गाडी 'ब्रिटिश सरकारनं' सुरू केली. ती मीटरगेज नव्हती, दोन रुळांतल्या अंतरानं अडीच फुटी होती. आणि सरकारची नव्हती, खासगी कंपनीची होती. एव्हरार्ड कॅल्थ्रॉप नावाच्या इंग्रज इंजिनियरनं ती उभी केली. १८९७ मध्ये बार्शी रोड, म्हणजे आजचं कुर्डुवाडी, ते बार्शी एवढीच धावत होती. मग १९०६ मध्ये पंढरपूर, १९११ मध्ये लातूर, १९२७ मध्ये मिरज. सरकारनं ती विकत घेतली १९५४ साली, म्हणजे ब्रिटिश जाऊन सात वर्षं झाल्यावर.

हे सगळं मी लिहिलं. फोनवर, एका बोटानं, अशा मराठी कळफलकावर जो 'कुर्डुवाडी'चं दर वेळी 'कुरडई' करत होता. मामा सांगायचा तेही लिहिलं, की आषाढीला डबे पुरायचे नाहीत तेव्हा मालाच्या वाघिणींत वारकरी बसवायचे आणि अभंग इंजिनापर्यंत ऐकू यायचे. मामी शिट्टीवरून आज ड्रायव्हर कोण आहे ते स्वयंपाकघरातून सांगायची, तेही लिहिलं. पाऊण तास लागला. चष्मा पुसला, एकदा वाचून काढलं, दोन ऱ्हस्व-दीर्घ सुधारले आणि 'पाठवा' दाबलं.

'आपण कोण?'

गूगलनं या, फेसबुकनं या, ट्विटरच्या चिमणीनं या (त्या चिमणीचं मालकानं केव्हाच बारसं बदललं, चौकटीला अजून पत्ता नाही), नाहीतर नवं खातं काढा. ठीक आहे, काढलं. पासवर्डात एक आकडा हवा, एक चिन्ह हवं आणि एक मोठं अक्षर हवं. मग म्हणे मेलवर सहा आकडी कोड पाठवलाय. तो बघायला मेल उघडली, कोड पाठ करत परत आलो, तर पान नव्यानं उघडलं. चौकट रिकामी. 'आपलं मत इथे लिहा...' तिन्ही टिंबांसकट.

मी ओरडलो नाही. बायको म्हणते ओरडलो.

आता यातली खुबी लक्षात घ्या. ज्याच्याकडे सांगण्यासारखं काही असतं तो माणूस बहुधा सत्तरीच्या घरातला असतो. त्याचा पासवर्ड नातवाच्या लक्षात असतो आणि नातू असतो हिंजवडीला. तो दुसऱ्यांदा लिहीत नाही. चष्मा काढतो, फोन पालथा ठेवतो आणि 'जाऊ दे' म्हणतो. याउलट ज्याला तुमच्या जातीवरून, आडनावावरून, नाहीतर 'र' कसा काढता यावरून भांडायचं असतं, त्याच्याकडे चार खाती कायम तयार असतात, दोन बाईच्या नावाची. म्हणजे लॉगिननं अडतो कोण? मामाच्या वर्कशॉपमधला माणूस. सुटतो कोण? ज्याच्या भीतीनं लॉगिन लावलं तोच! यापेक्षा चोख व्यवस्था महापालिकेलासुद्धा जमलेली नाही. ५० पैशांच्या पोस्टकार्डावर संपादकाला शिव्या घालता येत होत्या हो. पोस्टमनानं कधी विचारलं नाही, तुमचं आमच्याकडे खातं आहे का म्हणून.

असो. पुढचा उपाय, माणूसपणाची परीक्षा. नऊ चित्रांतून आगीचे नळ निवडा. आमच्याकडे आग लागली की बंब येतो, तोही आग विझल्यावर. अमेरिकेतल्या फुटपाथवरचा लाल ठोकळा ओळखता आला तरच सोलापूरचा माणूस माणूस ठरतो. मग पिवळी स्कूलबस, मग झेब्रा क्रॉसिंग. न पुसलेलं झेब्रा क्रॉसिंग मी शेवटचं कधी पाहिलं ते मला आठवेना, मी नापास झालो. ही परीक्षा घेणारं रीकॅप्चा २००७ मध्ये आलं तेव्हा निदान जुन्या छापील पुस्तकांतले यंत्राला न लागणारे शब्द लोकांकडून वाचून घेत होते, त्या निमित्तानं पुस्तकं तरी संगणकात गेली. आता मी मोटरसायकलची चाकं मोजतो.

नावाच्या रकान्यात देवनागरी चालू देऊ नका. वाचकानं मराठी ब्लॉगवर मराठीत आपलं नाव लिहिलं की लाल अक्षरांत दाखवा, 'अवैध चिन्हे'.

शब्दमर्यादा ठेवाल तर ती अक्षरांत मोजू नका, बाइटमध्ये, म्हणजे संगणकातल्या जागेच्या मापात मोजा. यूटीएफ-८ या अक्षरं साठवायच्या पद्धतीत इंग्रजी अक्षराला एक बाइट लागतो आणि देवनागरीतल्या प्रत्येक चिन्हाला तीन, त्यात काना, वेलांटी, हलन्त सगळे वेगवेगळे धरायचे. एकट्या 'कुर्डुवाडी'ला तीस बाइट होतात. पाचशेची मर्यादा ठेवलीत तर वाचक 'सप्रेम नमस्कार, आपला लेख वाचून' इथून थोडा पुढे गेला की संपला. आणि मागचा डेटाबेस देवनागरी न कळणाऱ्या जुन्या लॅटिन-१ पद्धतीवर ठेवलात तर सोन्याहून पिवळं. तो जे काही लिहील त्याची ओळीनं प्रश्नचिन्हं उमटतील. निदान त्याच्या मनातलं तरी नेमकं उमटेल.

तुम्ही संगणकवाले असाल तर गिटहबवर चालणारी चौकट लावा, अटरन्सेस किंवा गिस्कस. जाहिरात नाही, पाळत नाही, फुकट, दिसायला देखणी. अट एकच, लिहिणाऱ्याचं गिटहबवर खातं हवं, जिथं प्रोग्रामर मंडळी आपला कोड ठेवतात. तुमचा लेख असतो आजीच्या पुरणपोळीवर. आत्याला त्यात जायफळाचं प्रमाण सुचवायचंय. आत्यानं खातं काढलंच, तर अटरन्सेसमध्ये ते जायफळ जाऊन बसतं एका 'इश्यू'च्या, म्हणजे कोडमधल्या अडचणीच्या नोंदीच्या खाली. आत्या म्हणेल इश्श, आणि तेवढंच म्हणेल.

स्वतःच्या सर्व्हरवर आयसोसारखी घरची चौकट बसवायची असेल तर जरूर बसवा, कसं बसवलं त्यावर दोन हजार शब्दांचा लेख लिहा आणि त्यानंतर काहीही लिहू नका.

भाड्याची चौकट हाही चांगला मार्ग आहे. वाचकांचं लिहिणं दुसऱ्याच्या गोदामात ठेवायचं, म्हणजे जबाबदारी नाही. ब्लॉगरवर २०१३ मध्ये गूगल प्लसच्या प्रतिक्रिया आल्या होत्या, आठवतंय? किती जणांनी हौसेनं त्या लावल्या. २०१९ मध्ये गूगलनं ते दुकानच बंद केलं आणि त्या प्रतिक्रिया पुसून टाकल्या. लेख जागच्या जागी, खालची माणसं गायब. काहींनी त्या लेखांखाली गेलेल्या मित्रांबद्दल लिहिलेलं होतं. पण तुम्ही तिकडे लक्ष देऊ नका, लावणं सोपं होतं हे महत्त्वाचं. डिस्कस ही अशीच दुसरी भाड्याची चौकट, तीही लावायला सोपी आहे. फुकट घ्याल तर सोबत जाहिराती येतात. २०१७ मध्ये त्या कंपनीनं जाहीर केलं की २०१२ पर्यंतच्या १ कोटी ७५ लाख खात्यांची माहिती चोरीला गेली होती, आणि २०१७ च्याच शेवटी झेटा नावाच्या मार्केटिंग कंपनीनं तिला विकत घेतलं. २०२१ मध्ये नॉर्वेच्या विदासंरक्षण खात्यानं वाचकांवर पाळत ठेवल्याबद्दल अडीच कोटी क्रोनर दंड करणार असल्याचं कळवलं होतं. नॉर्वेचे लोक फार नाजूक. आपल्याकडे ओटीपी मागायला आलेल्या माणसालासुद्धा आपण पाणी देतो.

तपासणी सक्तीची ठेवा आणि तपासू नका.

हा शेवटचा उपाय रामबाण आहे, आणि माझ्यावर तोच चालला. कारण मी दुसऱ्यांदा लिहिलं. हो, लिहिलं, मूर्ख आहे मी. तारखा तेवढ्या लिहिल्या, मामाचं आणि मामीचं गाळलं, ते परत लिहायला मन होईना. आगीचे नळ ओळखले, कोड भरला, आणि पडद्यावर आलं, 'आपला अभिप्राय तपासणीसाठी रोखून ठेवला आहे'. त्याला पाच आठवडे झाले. रोखलेलाच आहे. कसाबसुद्धा इतका विनाचौकशी राहिला नव्हता. मधल्या काळात त्या चौकटीच्या कंपनीकडून मला अकरा पत्रं मात्र आली, 'तुम्हाला हेही आवडेल'. पोट कमी करण्याचा चहा. जुन्या गाड्यांवर लिहिलं म्हणून जुन्या गाड्या विकण्याची जाहिरात. ती पत्रं थांबवायची तर काय करायचं माहीत आहे? लॉगिन!

आता सरळच विचारतो. तुम्हाला भीती कसली वाटते? कचरा येईल, कर्जाच्या आणि गोळ्यांच्या जाहिराती येतील? येतात, मला माहीत आहे. माणसाला न दिसणारा एक रिकामा रकाना ठेवा, यंत्र तो भाबडेपणानं भरतं आणि पकडलं जातं. 'आषाढीची वारी कुठल्या गावाला जाते?' असा एक प्रश्न मराठीत विचारा. छोट्या ब्लॉगला इतकं पुष्कळ होतं. त्यातून सुटलेलं वेचायला अकिस्मेटसारखी चाळणी २००५ पासून आहे. नाव आणि मजकूर, दोन रकाने, मेल ज्याला द्यायची त्यानं द्यावी. तेही झेपत नसेल तर खाली स्वतःचा ईमेलचा पत्ता लिहा आणि आलेली पत्रं महिन्यातून एकदा हातानं लेखाखाली चिकटवा. तुम्हाला रोज चारशे पत्रं येणार नाहीयेत. आपण कोण लागून गेलोय? वर्षाला सात येतील, त्यातली पाच 'छान लिहिलंय' असतील. उरलेल्या दोघांसाठी ही सगळी खटपट, आणि नेमकं त्या दोघांनाच तुम्ही दारात उभं करून विचारता, 'आपण कोण?'

आणि नसेल वाचायचं तर चौकट काढून टाका ना! घमेंडखोर म्हणतील, म्हणू देत. पण 'जरूर लिहा' म्हणायचं, लोकांनी तासभर बसून लिहायचं आणि तुम्ही पाच-पाच आठवडे तिकडे फिरकायचंही नाही, याला काय म्हणतात? मामा २०११ मध्ये गेला. त्याच्याबरोबरचे, हातात हातोडी घेऊन काम केलेले, किती उरलेत माहीत नाही, पण जे असतील त्यांच्यातला एखादा तुमचा लेख नातवाच्या फोनवर वाचेल. तो एकदाच लिहील. त्याचं लिहिणं तुमच्या त्या रोखलेल्या ढिगात माझ्या शेजारी पडलेलं असेल, तर आजच उघडून बघा.

आणि उघडलंतच तर ते 'मीटरगेज' तेवढं दुरुस्त करा. अडीच फूट.