येऊरच्या झाडांवरचा पिवळा थर म्हणजे रोग नव्हे

‘येऊरच्या झाडांना पिवळी विषारी बुरशी लागलीय, दिसेल तिथे रॉकेल ओता’ हा ठाण्यात फिरणारा मेसेज चुकीचा आहे. हा थर स्लाइम मोल्डचा. नावात मोल्ड असला तरी ती बुरशी नव्हे, अमीबाची नातलग. ओल्या सालीवरचे जिवाणू आणि बीजाणू खात ती तासाला साधारण १ सेंटिमीटर सरकते; झाडाच्या आत शिरत नाही. एक-दोन दिवसांत वरून कडक पापुद्रा धरतो, आत काळपट तपकिरी भुकटी. तीच उडून पसरते, म्हणून काठीने डिवचू नका; दमा असेल तर लांबच राहा. रॉकेलने उलट सालच करपते. खोडाच्या बुंध्याशी लाकडासारखी टणक, पुसून न निघणारी छत्री दिसली तर मात्र ती खरी बुरशी, आणि खोड आतून कुजत असल्याची शक्यता असते.