वीस टक्के भेसळ

गेल्या मंगळवारी एका अनोळखी गृहस्थाने माझ्या वडिलांच्या कॉफीला भेसळ म्हटले, आणि त्याला द्यायचे चोख उत्तर मला दीड तासाने, ठाण्याच्या फलाटावर उतरताना सुचले.

वांद्र्यात एकांना भेटायचे होते, ते उशिरा येणार होते आणि पाऊस कोसळत होता, म्हणून समोरच्या कॉफीच्या दुकानात शिरलो; एवढेच निमित्त. फळ्यावर सर्वांत वर 'सिंगल ओरिजिन, चिकमगळूर, ३४० रुपये' असे लिहिलेले होते आणि 'हाऊस ब्लेंड' तळाशी, पाहुण्यांत मागे बसवलेल्या गरीब नातेवाइकासारखे. घाईत वरचेच नाव सांगितले. काउंटरवरच्या मुलाने सोनाराच्या काट्यासारख्या काट्यावर पंधरा ग्रॅम कॉफी तोलली आणि बारीक चोचीच्या किटलीतून तिच्यावर असा संथ अभिषेक केला की मी नकळत चपला काढायच्या बेतात होतो. पहिला घोट घेतला. आंबट! साखर मागितली, तर तो अत्यंत नम्रपणे म्हणाला, "सर, साखर आम्ही ठेवतच नाही." ज्या राज्यात साखरेच्या जोरावर मंत्रिमंडळे उभी राहतात आणि पडतात, त्या राज्याच्या राजधानीत मला चमचाभर साखर मिळाली नाही.

याच वेळी शेजारच्या टेबलावरून 'सुर्रर्र' असा आवाज आला. पस्तिशीचे एक गृहस्थ, दाढी कोरलेली, डोळे मिटलेले, चमच्यातून कॉफी ओढत होते. तो अस्सल भुरका होता. आमचे आजोबा बशीत चहा ओतून असेच भुरके मारीत आणि पाहुणे आले की आजी त्यांना डोळ्यांनी दटावीत असे. त्या बिचाऱ्यांना सांगता आले नाही की भुरक्याने पेय जिभेवर सर्वदूर फवारले जाते, वास नाकापर्यंत चढतो आणि चव नीट कळते. कॉफी चाखण्याचा पेशा करणारे जगभर असेच करतात. आजोबांचे चुकले ते एवढेच, की त्यांनी त्याचे पैसे मोजले नव्हते.

"काका, आंबट नाही म्हणायचं," डोळे न उघडताच ते म्हणाले. मला काका म्हणणारा हा माणूस फार तर दहा वर्षांनी लहान असेल.

"मग काय म्हणायचं?"

"ब्राइटनेस. उंचावरचं फळ हळूहळू पिकतं, त्याचा गुण. जास्त भाजलं की जळून जातं सगळं, मग कुठल्याही बागेची कॉफी सारखीच लागते. तुम्हाला काय लागलं?"

"कॉफी."

त्यांनी डोळे उघडून माझ्याकडे पाहिले, नापास मुलाकडे पाहतात तसे. "संत्र्याची साल लागत नाही? आणि मागून गूळ?"

"संत्रं नागपूरचं का?" असे मी विचारले. विनोद होता. त्यांनी त्यावर खरोखर विचार केला आणि "मँडरिनकडे झुकतं," असे सांगितले.

मग त्यांनी मला शिकवायला घेतले. सिंगल ओरिजिन म्हणजे एका ठिकाणची कॉफी; ते ठिकाण एक देश असेल, एक प्रांत असेल, एक बाग असेल किंवा त्या बागेतला एक उतारही असेल. ब्लेंड म्हणजे निरनिराळ्या ठिकाणच्या बियांची मोट. यंदा पाऊस लांबला म्हणून एका बागेची चव बदलली, तरी गिऱ्हाइकाच्या कपातली बदलू नये यासाठी व्यापारी ती बांधतात. त्यात रोबस्टा ही कॉफीची स्वस्त जात घातली की फेस चांगला येतो, कडूपणा आणि कैफ वाढतो, खर्च उतरतो. "म्हणजे कशात काय आहे ते कळूच द्यायचं नाही," असा त्यांनी निकाल दिला.

इथे माझे डोके तापले. आम्ही दादरचे. दर महिन्याला वडील माटुंग्याच्या एका दुकानात जात आणि "पीबेरी अर्धी, प्लँटेशन-ए अर्धी, चिकोरी वीस टक्के" असे मंत्र म्हणावा तसे म्हणत. समोर दळलेली ती गरम पुडी घेऊन घरी येईतो पिशवीला वास लागलेला असे. त्या कॉफीत आई दूध, साखर आणि जायफळ घाले. आमच्या घराची चव एका माणसाने वर्षानुवर्षे प्रमाण बदलून, चुकून, पुन्हा जुळवून तयार केली होती. हे मी थोड्या अभिमानाने सांगितले.

"चिकोरी?" ते हळहळले. "काका, ते ब्लेंड नव्हे. ती भेसळ."

चिकोरी हे दुसऱ्याच एका रोपाचे भाजून दळलेले मूळ आहे, कॉफी नव्हे, हे मान्य. तरी ठाण्याच्या फलाटावर सुचलेले उत्तर असे: कॉफी-चिकोरीच्या मिश्रणात निदान ५१ टक्के कॉफी हवी, असा आपल्याकडे कायदा आहे; आमच्या पुडीत ऐंशी होती. आणि जे गिऱ्हाईक स्वतःच्या तोंडाने, दुकानभर ऐकू जाईल असे मागते, ती भेसळ कशी?

रात्री हट्टाने आणखी वाचले, तेव्हा तर सात्त्विक संताप आला. काउंटरवरच्या ज्या पाकिटातली कॉफी मी प्यालो, त्यावर वाण म्हणून 'एस. ७९५' असे छापलेले होते. तो चिकमगळूर जिल्ह्यातल्या बाळेहोन्नूरच्या संशोधन केंद्राने केलेला संकर आहे; केंट आणि एस. २८८ या दोन वाणांचा. त्यातला एस. २८८ अरेबिका आणि लिबेरिका या कॉफीच्या दोन निराळ्या जातींच्या निसर्गतः झालेल्या संकरातून आलेला. शिवाय चिकमगळूरला कॉफी आणली ती बाबा बुडन यांनी, आख्यायिकेप्रमाणे येमेनमधून सात बिया लपवून. आणि त्याच येमेनची मोखा जावा बेटाच्या कॉफीत मिसळून झालेले 'मोखा-जावा' हे जगातले सर्वांत जुने ब्लेंड समजले जाते. इतके परके रक्त अंगात खेळवणाऱ्या झाडाला 'सिंगल' म्हणून पाटावर बसवायचे आणि माटुंग्याच्या पुडीला पंगतीतून उठवायचे, हा कुठला न्याय? यातले एक अक्षरही त्या वेळी माझ्या तोंडून बाहेर पडले नाही. मी फक्त "हो का?" म्हणालो.

निघताना ते म्हणाले, "थंड होऊ द्या, मग शेवटचा घोट घ्या." मी तो निव्वळ पैसे वसूल करण्यासाठी घेतला. संत्र्याची साल होती. अगदी स्पष्ट, नखाने सोलताना उडते तशी. हे मी घरी सांगितलेले नाही, बायकोने "कशी होती?" असे विचारले तेव्हा "आंबट" म्हणालो.

येत्या शुक्रवारी पुन्हा वांद्र्याला जायचे आहे. खिशातून जायफळ नेणार आहे. किसणी तरी त्यांच्याकडे असावी.